आधी कुणावर शंका घ्यायची?

कॅप्टन कर्क आमच्या घरी दूरदर्शनवरून आला. ‘स्टार ट्रेक’ लागलं की सगळे कामं टाकून बसायचे, मावशीसुद्धा. ती तेव्हा मानसिक आजारातून उठून नुकतीच आमच्याकडे राहायला आली होती. “वरच्या टाकीतून पाणी वाहतंय गं,” असं ती म्हणाली, की पहिला प्रश्न ठरलेला : “गोळी घेतलीस का?” गच्चीवर जाऊन बघायचं कुणाच्या मनात यायचं नाही.

कर्क साकारणारा विल्यम शॅटनर पुढे मला ‘द ट्वायलाइट झोन’च्या १९६३ सालच्या एका भागात भेटला. रिचर्ड मॅथेसनच्या या कथेतला बॉब विल्सन मानसिक आजारातून बरा होऊन बायकोबरोबर विमानानं घरी निघालाय. खिडकीबाहेर, थेट पंखावर, त्याला एक केसाळ प्राणी दिसतो. दुसऱ्या कुणी बघितलं की तो गायब! बायकोच्या चेहऱ्यावरची काळजी पाहून विल्सनचा स्वतःवरचा विश्वास डळमळतो. अखेरीस पंखाचा उचकटलेला पत्रा आपल्याला दिसतो, पण तोवर विल्सनला बांधून खाली उतरवलेलं असतं. मला आमची टाकी आठवली. प्लंबरनं तिचा बॉलकॉक बदलला होता. मावशीला मात्र कुणी येऊन सांगितलं नव्हतं, की तुझं बरोबर होतं.

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’मधला ‘रिमेंबर मी’ हा १९९० सालचा भाग म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो. यानावरची हजारावर माणसं एकेक करून नाहीशी होतात आणि मागे उरलेल्यांना ती कधी होती हेही आठवत नाही. डॉक्टर बेव्हर्ली क्रशर आधी स्वतःला तपासते. आपल्यात काही दोष नाही, अशी खात्री पटल्यावर ती विश्वाची तपासणी सुरू करते. संगणक सांगतो, विश्वाचा व्यास ७०५ मीटर. खोट तिथे आहे! मुलाच्या प्रयोगातून तयार झालेल्या एका बुडबुड्यात ती अडकलेली असते.

क्रशर आणि विल्सन दोघांनाही स्वतःविषयी शंका येते. पण क्रशरची शंका तिची स्वतःची आहे, तपासून बाजूला ठेवता येण्याजोगी. शिवाय कॅप्टन पिकार्ड तिचा शब्द प्रमाण मानून शोध घ्यायला लावतो. विल्सनवर ती शंका इतरांनी लादलेली आहे आणि तो काहीही बोलला तरी ती वाढतच जाते.

आता आईला वयोमानानं भास होतात. “अंगणात कोणीतरी उभं आहे,” असं ती म्हणाली, की मी तिचा हात धरून खिडकीशी जाते आणि दोघी नीट बघतो. बहुतेकदा कुणीच नसतं. तसं मी तिला सांगते आणि ती मानतेही, कारण मी बघितलंय हे तिला ठाऊक असतं. ज्याच्या मनावर आपल्याला शंका आहे, त्याच्यासाठी तर आधी उठून बघायलाच हवं. तेवढी परतफेड आपण त्याच्या विश्वासाची करूच शकतो.