शेजारचं बेट

गेटवेहून लाँचने घारापुरीला जाताना वाटेत एक बेट दिसतं. मोठाल्या टाक्या, धक्क्याला लागलेली तेलवाहू जहाजं. हे जवाहर द्वीप, म्हणजे जुन्या मुंबईकरांचं बुचर आयलंड. परवानगीशिवाय तिथे उतरता येत नाही, त्यामुळे आपण ते लांबूनच बघतो आणि परत लेण्यांच्या गप्पांकडे वळतो.

१९५०च्या दशकापासून इथे कच्चं तेल उतरतं आणि समुद्राखालच्या पाइपलाइनींतून माहुलच्या रिफायनऱ्यांत जातं. ऑक्टोबर २०१७मध्ये वीज पडून इथली डिझेलची एक टाकी पेटली. आग विझायला तीन-एक दिवस लागले.

आणि गंमत बघा, त्याच वेळी शेजारच्या घारापुरीत विजेचा पत्ता नव्हता! संध्याकाळी काही तास जनरेटर, की मग अंधार. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल येऊन शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर या तिन्ही गावांत दिवे लागले ते फेब्रुवारी २०१८मध्ये. समुद्राखालून तेल नेणं साठ वर्षांपूर्वी जमलं होतं. म्हणजे अडचण समुद्राची नव्हतीच. तेलाची गरज शहराला होती, दिव्याची फक्त गावाला.

लेणी बघायला गेलात तर जाताना त्या टाक्यांकडेही जरा निवांत बघा. आपली मुंबई त्यांच्यावरही चालते.