थेंबभर रंग

मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी. ब्युरेटमधून एक थेंब जास्त पडला की शंकूपात्रातला फिकट गुलाबी रंग एकदम गडद होतो आणि तासाभराची मेहनत फुकट जाते, हे प्रयोगशाळेत दोन वर्षे ऐकत आलो आहे. पण तो धडा अंगी लागला मात्र सिल्वासाला, मावशीच्या स्वयंपाकघरात, आइसिंगच्या भांड्यापुढे!

गेल्या पावसाळ्यात मावशीचा पाय मुरगळला आणि तिला मदत करायला आईने मला धाडले. वापीला रेल्वेतून उतरायचे आणि रिक्षाने अर्ध्या-पाऊण तासात सिल्वासा गाठायचे. काका तिथल्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. मावशी घरी केक करून विकते. त्या गावात गुजराती, मराठी, हिंदी अशा सगळ्याच भाषा कानी पडतात, आणि वाढदिवस सर्वांच्याच घरी असतात. तेव्हा तिच्या ओव्हनला विश्रांती अशी नाहीच.

मी पोहोचलो त्याच दिवशी शेजारच्या सोसायटीची मागणी आली. २ ऑगस्ट हा तिथला मुक्तिदिन. १९५४ साली त्या दिवशी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटले. त्या लढ्यात महाराष्ट्रातून गेलेले स्वयंसेवक होते, आणि गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांतलेच एक, हे मला मावशीकडूनच प्रथम कळले. सोसायटीतील मुलांच्या कार्यक्रमासाठी केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या पट्ट्यांचा केक हवा होता. मावशी खुर्चीवर पाय लांब करून बसली होती. मी बाह्या सरसावल्या आणि म्हणालो, "रंगांचे माझ्यावर सोपव. मिश्रणे करणे हाच तर आमचा धंदा!"

"अरे, पण थोडा थोडा घाल. घातलेला रंग परत काढता येत नाही," मावशी म्हणाली.

मी हसलो. लाल आणि पिवळा मिळून केशरी होतो, हे शाळेतले पोरही सांगेल. लोणी आणि पिठीसाखर फेटून केलेले अर्धा किलो आइसिंग एका भांड्यात घेतले. मावशीचे घट्ट रंग संपत आले होते. म्हणून बाजारातून खायच्या रंगाच्या पुड्या आणल्या. चमच्याच्या टोकावर पिवळा घेतला, चिमटीत लाल घेतला आणि ढवळू लागलो. रंग आला तो उन्हात वाळलेल्या संत्र्याच्या सालीसारखा, फिकट. आणखी थोडा घातला. तरी मन भरेना. बाहेर पाऊस कोसळत होता, विजेच्या दिव्याचा उजेड पिवळट होता, त्यात काही नीट दिसतही नव्हते. पुन्हा घातला. अखेर झेंडूसारखा रंग साधला तेव्हा कोठे मी समाधानाने भांडे झाकून फ्रीजमध्ये ठेवले.

सकाळी झाकण काढले तो आत झेंडू नव्हता, वीट होती!

कारण उघड होते, आणि ते मला आदल्या रात्रीच सुचायला हवे होते. हे रंग पाण्यात विरघळतात, स्निग्ध पदार्थात नाही. लोण्यात पाण्याचा अंश थोडा, म्हणून पुडीचे पुष्कळसे कण रात्री ढवळताना कोरडेच राहिले होते. ते रात्रभर ओलावा शोषत हळूहळू विरघळले आणि रंग गडद होत गेला. हुशार माणसे रंग आधी चमचाभर पाण्यात कालवतात, हवा त्याहून एक छटा फिकट ठेवतात आणि काही तास वाट पाहतात. लोण्याचा स्वतःचा पिवळेपणा असतो, म्हणून निळा रंग त्यात हिरवट दिसतो, हेही मावशीला अनुभवाने पाठ होते. माझ्याकडे सूत्रे होती, तिच्याकडे सबुरी होती.

मी म्हणालो, "वरून पांढऱ्याचा हात फिरवू. कुणाला कळणार आहे?"

मावशीने बोटावर थोडे आइसिंग घेऊन माझ्या जिभेवर ठेवले. साखरेमागून कडवट चव आली. आरशात पाहिले तर जीभ भगवी! मग मी कागद घेऊन हिशेब मांडला. आपल्याकडे खाद्यपदार्थांसाठी आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे, आणि त्यांचीही केकसारख्या पदार्थातील मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे माझ्या अर्ध्या किलोला ५० मिलिग्रॅम! तापाच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत जितके औषध असते, त्याचा केवळ दहावा हिस्सा. पुडीवरचे प्रमाण धरून मोजले तर मी त्याच्या दुपटीहूनही पुढे गेलो होतो.

"हे मुलांच्या पोटात जायचे आहे," मावशी एवढेच बोलली आणि भांडे उपडे केले. लोण्याचा भाव मला ठाऊक होता, आणि दाराशी रिक्षाला द्यायला सुटे पैसे शोधणारी मावशीही मी पाहिली होती. त्या क्षणी मला जितकी लाज वाटली, तितकी कोणत्याही परीक्षेत नापास होऊनही वाटली नसती.

आता करायचे काय? नवे रंग आणायला वेळ नव्हता. घरात कोको होता, लोणी होते, साखर होती. मावशीच्या मदतीला येणाऱ्या वारली बाई भांडी विसळता विसळता सारे पाहत होत्या. कोको घातलेले तपकिरी आइसिंग केकवर सपाट झाले तेव्हा त्या म्हणाल्या, "ही तर आमची भिंत झाली." मावशीने काही न बोलता पांढऱ्या आइसिंगचा कागदी कोन त्यांच्या हाती दिला.

वारली घरात लग्नाचा चौक लिहितात तो गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि एकच रंग! डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी तीच चित्रे कागदावर आणून जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बाईंनी आधी कोन पाटावर दाबून पाहिला, दोन रेघा मोडल्या, मग हात बसला. अर्ध्या तासात तारपा वाजवणारा उभा राहिला आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची वेटोळी रांग फिरली.

सोसायटीचे सेक्रेटरी केक पाहून नाराज झाले. "तिरंगा कुठे आहे?" त्यांनी विचारले. मावशीने घडले ते सरळ सांगितले आणि दोनशे रुपये कमी घेतले. मुले मात्र नाचणारी माणसे मोजत केकभोवती फिरत राहिली. तारपेवाल्याचा तुकडा कापायला कुणी तयार होईना. बाई दारापाशी उभ्या होत्या. हे कुणी काढले, असे कोणी विचारले तेव्हा मावशीने त्यांना पुढे बोलावले. ज्या प्रदेशात २०११ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत, तिथल्या मुक्तिदिनाच्या केकवर त्यांचे चित्र काढण्याचे आम्हांला आधी सुचू नये, याचे मला नवल वाटले. पुढे तसल्या केकच्या आणखी दोन मागण्या आल्या. मावशीने चित्राचे पैसे वेगळे लावले आणि ते बाईंच्या हाती दिले.

१८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने क्विनीन करायला जाऊन चुकून जांभळा रंग बनवला. कृत्रिम रंगांचे युग तिथून सुरू झाले. तो आपल्याच वयाचा होता, हे वाचून मला पूर्वी मोठा अभिमान वाटे. तो आजही वाटतो. पण मार्च २०२४ मध्ये आपल्या कर्नाटकात गोबी मंचूरियनमधील कृत्रिम रंगांवर आणि रंगीत 'बुढ्ढी के बाल'वर बंदी आली, ती बातमी आठवली की आता मला माझीच भगवी जीभ दिसते. गिऱ्हाइकाला भडक हवे, दुकानदाराला गिऱ्हाईक हवे, आणि मधल्या मध्ये चमच्याचे टोक जरा जास्त भरते. ते भरणारा माणूस दुष्टच असतो असे नाही. तो माझ्यासारखा उतावळाही असू शकतो.

हल्ली प्रयोगशाळेत ब्युरेटची तोटी फिरवताना मी शेवटच्या थेंबापाशी थांबतो. मित्र म्हणतात, किती वेळ लावतोस! मी म्हणतो, घातलेला परत काढता येत नाही, बाबा.