शेपटाला दिवा

अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला, हे सगळेच कीर्तनकार सांगतात. नंतर बाण कुणी शोधून आणला, हे कुणीच सांगत नाही.

अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना हीच काळजी. तिकडे धनुष्यबाणानं हरणाची शिकार कायदेशीर आहे. हरीण दिसतं नेमकं तिन्हीसांजेला, आणि बाण सुटतो सेकंदाला अडीच-तीनशे फुटांच्या वेगानं. म्हणून बाणाच्या शेपटाला, दोरी अडकते त्या खाचेतच, चिमुकला दिवा बसवतात. दोरी सुटली की दिवा लागतो. बाण लागेलच असं नाही!

वजन जेमतेम दीड ग्रॅम. पण तेवढ्यानंही बाणाचा तोल बदलतो. तेव्हा आधी दिव्याच्याच बाणांनी सराव करायचा. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या स्पर्धांत असा दिवा चालत नाही. शिकारीच्या नोंदी ठेवणाऱ्या पोप अँड यंग क्लबनं मात्र २०१४ साली तो मान्य केला.

मला, बँकेतल्या कारकुनाला, हे पटतं. दिव्यानं नेम सुधारत नाही. नोंद स्वच्छ होते. बाण पोटात लागला, तर काही तास थांबून माग काढायचा असतो. अर्धमेलं जनावर अंधारात सोडून घरी जेवायला जायचं नसतं. जीव घेतलात ना, मग खातं पुरं करा!

आपण बाण सोडत नाही, शब्द सोडतो. त्यांच्या शेपटाला दिवे बसवले, तर बऱ्याच घरांत बारा महिने दिवाळी दिसेल.