कांचघरच्या अंगणात

वाचकहो, भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहून जबलपूरला परतलात, की कांचघर या वस्तीतही फेरफटका मारा. एखाद्या अंगणवाडीच्या दाराशी क्षणभर थांबा. मुलांच्या अंगणात शाळा नेण्याची ही कल्पना ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत, पुढे कोसबाडला रुजविली. १९७५ मध्ये ती शासनाची योजना झाली.

२०२० च्या महामारीत ही दारे मिटली. मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशचे तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी भोपाळच्या रस्त्यावर हातगाडी ढकलीत अंगणवाड्यांसाठी खेळणी गोळा केली. खेळणी शेजारीही देतील. परंतु जागेचे भाडे, आहार आणि सेविकेचे मानधन यांसाठी दरमहा सार्वजनिक तिजोरीच उघडावी लागते. तीन वर्षांचे मूल पुढच्या अंदाजपत्रकाची वाट पाहत थांबत नाही.