सड्यावरचा वारा

पूर्णगडच्या तटावरून दृष्टी कोठेही अडत नाही. खाली मुचकुंदी सागरास मिळते. पैलतीरी गावखडीचे सुरूबन, मागे जांभ्याचे सडे आणि समोर नुसते क्षितिज. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीचे पठार पाहून आम्ही येथे आलो होतो, म्हणून हे मोकळेपण अधिकच जाणवले.

चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या संथ गतीत सौंदर्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र त्यांच्याशेजारी डोंगर ठेंगणा वाटतो. फिरते पाते नजरेस आपल्याकडे ओढते. रानफुलांकडे ती वळतच नाही.

कोकणास हे अगदीच नवे नाही. 1986 साली देशातील पहिल्या पवनचक्क्या उभारल्या गेल्या, त्या किनाऱ्यांत रत्नागिरीही होती. ती यंत्रे 55 किलोवॅटची होती. आजची दोन-तीन हजार किलोवॅटची असतात आणि त्यांच्या पात्याचे टोक दीडशे मीटर उंची गाठते. उद्या ती या सड्यांवर आली तर?

विरोध करणे सोपे, विशेषतः चार दिवसांच्या पाहुण्यास. पण वीज आम्हांसही हवी. याच जिल्ह्यात जयगडला 1200 मेगावॅटचा प्रकल्प कोळसा जाळतो. आमच्या घरातील दिव्यासाठी कोणाच्या तरी दारी काहीतरी उभे राहतेच.

आमची खंत निराळी आहे. जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावरील नावास मिळतो. दृश्य साऱ्या गावाचे, पण त्याची नोंद कोणत्याच दप्तरी नसते. ज्या सड्यांना आपण ओसाड म्हणत आलो, त्यांपैकीच कशेळीच्या सड्यावर हत्तीचे भव्य कातळशिल्प आहे; 2022 साली कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

कोपनहेगनजवळच्या समुद्रात 2000 साली 20 पवनचक्क्या उभ्या राहिल्या. मूळ बेत तीन रांगांत 27 यंत्रांचा होता. लोकांच्या हरकतींनंतर संख्या घटली आणि यंत्रे एका सुबक कमानीत मांडली गेली. त्यांतील निम्मी आठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेची. सहकाराचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रास हे अशक्य नाही.

सड्यावर पहिला खड्डा खणण्यापूर्वी तटावरून, खाडीतून आणि गावातल्या अंगणांतून ते यंत्र कसे दिसेल, याची चित्रे ग्रामसभेपुढे ठेवावीत. मग गाव जे ठरवील, ते आम्हा पाहुण्यांनी मान्य करावे.