जेकबची डायरी

ग्लासगोजवळ ब्लँटायरला, क्लाइड नदीच्या काठी, सूतगिरणीच्या कामगारांची जुनी चाळ आहे; आता तिथे संग्रहालय आहे. पुढे आफ्रिकेत प्रवास करून नकाशे आखणारा डेव्हिड लिव्हिंगस्टन १८१३ मध्ये तिथे जन्मला. १४ बाय १० फुटांची खोली, भिंतीच्या कोनाड्यात बसवलेले पलंग, आणि तेवढ्यात आईवडील नि पाच मुलांचा संसार. दहाव्या वर्षी डेव्हिड गिरणीत लागला. सकाळी सहा ते रात्री आठ तुटलेले धागे जोडायचे, मग रात्रीची शाळा. या खोलीत उभं राहिलं की त्याच्या जिद्दीपुढे मान लवते.

मला तिथे ओढ होती ती मात्र जेकब वेनराइटची. त्याची डायरी याच संग्रहालयाच्या मालकीची आहे. मी नाशिकची, शरणपूर रोड माझ्या रोजच्या जाण्यायेण्याचा. तिथल्या मिशनमध्ये गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकी मुलं वाढली, लिहायला-वाचायला शिकली. जेकब त्यांतलाच. १८७२ मध्ये तो लिव्हिंगस्टनच्या तांड्यात दाखल झाला. १ मे १८७३ च्या पहाटे, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी, लिव्हिंगस्टन गेला. सोबत्यांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं. जेकबनं प्रार्थना वाचली, खोडावर लिव्हिंगस्टनचं नाव कोरलं. देह उन्हात वाळवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून सुसी, चुमा, जेकब आणि इतर सोबत्यांनी हजार मैलांहून अधिक पायपीट करत किनाऱ्यावर आणला. १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या दफनावेळी शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता.

१९२९ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात दीर्घकाळ एकाच वीराची गाथा सांगितली जाई. २०२१ मध्ये ते नव्या मांडणीनं उघडलं, तेव्हा या सोबत्यांना त्यात जागा मिळाली. मला हे फार मोलाचं वाटतं. वाट ठाऊक असणारे, ओझी वाहणारे, गावोगावी बोलणी करणारे नसते, तर लिव्हिंगस्टनचा एकही नकाशा पुरा झाला नसता. त्याचा मोठेपणा यानं उणावत नाही. फक्त तो कुणाकुणाच्या बळावर उभा होता ते कळतं.

हे ऋण ब्लँटायरनं मान्य केलं. आता नाशिकनंही जेकबला आपला म्हणावं, आपल्या मुलांना त्याचं नाव शाळेतच सांगावं. ती डायरी ज्या अक्षरओळखीतून लिहिली गेली, ती त्याला गोदावरीकाठच्या आपल्या गावात झाली होती.