बदामचं घर

गेल्या दोन वर्षांत आमच्या शाळेतल्या चार-पाच आयांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. ‘‘टीचर, तुमच्याकडे तो हॅमस्टर आहे ना? पोरं मागे लागलीत. पिंजरा कुठला घेऊ?’’ प्रश्न सरळ आहे, पण उत्तर मधल्या सुट्टीत संपत नाही. आधी हे सांगावं लागतं की आमच्याकडे पिंजरा नाही, माशांची जुनी काचेची टाकी आहे. मग त्या हसतात. मग मी टाकीचं माप सांगते, चार फूट लांब आणि दीड फूट रुंद. तेव्हा हसू थांबतं आणि त्या मनातल्या मनात आपल्या घरातली भिंत शोधू लागतात. हे सगळं एकदाच नीट लिहून काढावं, असं बरेच दिवस मनात होतं.

आमच्याकडे हॅमस्टर आला तो ईदी म्हणून. मुलीच्या मामूंनी मुंबईहून येताना आणला. एक नाही, दोन. सोबत निळ्या-गुलाबी रंगाचा तारेचा पिंजरा, जेमतेम एक फूट लांबीचा, वर प्लॅस्टिकचा मजला आणि हाताच्या पंजाएवढं चाक. दुकानदाराने मामूंना सांगितलं होतं, जोडी न्या, एकटा उदास होतो. मुलीने लगेच नावं ठेवली, बदाम आणि काजू. पोरीच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून कुणालाच काही बोलवेना.

बोलल्या त्या अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई. ‘‘उंदीर घरातून काढायला आपण पैसे देतो आणि हे उंदीर पैसे देऊन आणलेत?’’ त्यांचा दुसरा सवाल जास्त गंभीर होता. ‘‘बेजुबान जनावर असं कोंडून ठेवायचं, अल्लाहला काय जवाब द्यायचा?’’

हा सवाल मला टाळता आला नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलेली त्या बाईची हकीकत आपल्या घराघरांत माहीत आहे, जिने मांजर बांधून ठेवलं, ना स्वतः खाऊ घातलं, ना त्याला बाहेर जाऊन पोट भरू दिलं. दुसरीकडे हजरत अनस (रजि.) यांचे धाकटे बंधू अबू उमैर यांची हदीसही आहे. त्यांच्याकडे खेळायला एक छोटं पाखरू होतं. ते मेलं तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या लहानग्याची मायेने विचारपूस केली. पाखरू पाळू नको, असं म्हटलं नाही. उलेमांनी त्यातून पाळण्याची परवानगी काढली, ती जनावराचा हक्क अदा करण्याच्या अटीवर. मी अम्मींना म्हटलं, ‘‘अम्मी, ही अट आपण पुरी करू. नाही जमली तर दुसरं घर बघू.’’ अम्मी म्हणाल्या, ‘‘बघू.’’

पण हक्क अदा करायचा तर ते जनावर मुळात राहतं कुठे आणि कसं, हे कळायला हवं. दुकानांत सोनेरी-तपकिरी रंगाचा जो मोठा हॅमस्टर मिळतो तो सीरियाचा, हलब म्हणजे अलेप्पो शहराच्या आसपासच्या शेतांतला. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ वॉटरहाऊस यांनी त्याची शास्त्रीय नोंद 1839 मध्ये केली. 1930 मध्ये जेरुसलेमचे प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहारोनी यांनी हलबजवळच्या एका गव्हाच्या शेतात खोल खणून एक मादी आणि तिची अकरा पिल्लं मिळवली. आज जगभर घराघरांत असलेले बहुतेक सगळे सीरियन हॅमस्टर त्याच एका बिळातल्या पिल्लांचा वंश आहेत. त्यांतली काही पिल्लं जेरुसलेममध्ये लाकडी तळ कुरतडून पळून गेली, हे वाचून मुलगी खूश झाली. अरबीत त्याला ‘अबू जिराब’ म्हणतात, थैलीवाला. गालांच्या आत दोन पिशव्या असतात, त्यांत दाणे भरून तो बिळात नेतो. उर्दू शिकवणाऱ्या बाईला हे नाव न आवडलं तरच नवल.

त्याच हलबच्या शेतांत पुढे जर्मन संशोधकांनी बिळं मोजली. 2001 साली ती माहिती प्रसिद्ध झाली. बिळांची खोली 36 पासून 106 सेंटिमीटरपर्यंत, सरासरी 65. आणि प्रत्येक बिळात मोठा हॅमस्टर एकच. जोडी कुठेच नाही. म्हणजे हे जनावर एकांतवासी, आणि जमिनीखाली दोन-दोन फुटांवर घर करणारं. आमच्या पिंजऱ्यात दोघे होते आणि खाली दोन बोटं भुसा.

महिनाभरात ते दिसू लागलं. आधी नुसती चिरचिर, मग रात्रीची मारामारी, मग एका सकाळी काजूच्या पाठीवर रक्त. दोघेही नर. वयात आले की त्यांना एकमेकांचा वासही सहन होत नाही. त्याच दिवशी दोघांना वेगळं केलं आणि काजू माझ्या नणंदेकडे गेला. सीरियन हॅमस्टर एका घरात एकच, यात सवलत नाही. भाऊभाऊ असोत की मायलेकी. छोट्या जातींतले काही एकत्र राहतात, पण त्यांच्यातही केव्हा बिनसेल याचा भरवसा नसतो.

बदाम एकटा राहिला, तरी रात्री आवाज थांबेना. तो पिंजऱ्याच्या तारा चावायचा. तासन्‌तास, त्याच कोपऱ्यात, त्याच तारेला. पाहुणे म्हणत, दात वाढतात त्यांचे, घासतो तो. दात वाढतात हे खरं, आयुष्यभर वाढतात. पण वर्गात बाकाची कड कुरतडणारं मूल मी वीस वर्षं पाहते आहे. त्याला लाकडाची भूक नसते. स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथल्या संशोधकांनी हॅमस्टरना 10, 40 आणि 80 सेंटिमीटर खोल बिछायतीवर ठेवून पाहिलं. 2006 मधलं हे काम. 10 सेंटिमीटरवाल्यांनी तारा जास्त चावल्या. खणायला खोल मिळालं त्यांनी बीळ केलं आणि त्यात राहिले. मुलीला हे वाचून दाखवलं तेव्हा ती पिंजऱ्यापाशी जाऊन बसली. मग म्हणाली, ‘‘अम्मी, याला बाहेर जायचंय.’’

मग माप ठरवायला बसलो. जाणकार एका हॅमस्टरला कमीत कमी 100 बाय 50 सेंटिमीटर सलग जमीन हवी म्हणतात. सलग हा शब्द महत्त्वाचा. दोन-तीन मजले, नळ्या, जिने यांनी जागा वाढत नाही. हे जनावर झाडावर चढणारं नाही, त्याला उंचीचा अंदाज येत नाही, ते सरळ खाली पडतं. शिवाय त्या रंगीत नळ्यांत हवा खेळत नाही आणि मोठा हॅमस्टर अडकतो. दुकानातले बहुतेक पिंजरे मुलांच्या डोळ्यांसाठी बनवलेले असतात, हे माझं स्पष्ट मत आहे.

आमचं घर सोलापुरात, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. चार फुटांची टाकी ठेवायची कुठे? बाहेरच्या खोलीत तखत आहे, तिथे अम्मी झोपतात. आतल्या खोलीत कपाट, शिलाई मशीन आणि मुलीचं अभ्यासाचं टेबल. आठ दिवस चर्चा चालली. मुलीचे अब्बा म्हणाले, कपाटावर ठेवू. पण वर उष्णता जास्त आणि रोज हात घालायचा तर स्टूल. शेवटी मुलीनेच तोडगा काढला. तिचं टेबल निघालं, त्या जागी विटांवर फळी टाकून टाकी बसली आणि ती आता तखतावर अम्मींच्या शेजारी बसून अभ्यास करते. मी तिला याचा आग्रह केला नव्हता.

टाकी मिळाली मत्स्यालयवाल्याकडे, बाराशे रुपयांत. खालून गळणारी म्हणून त्याला नको होती, आम्हाला गळण्याशी काय करायचं! वरचं झाकण सुताराकडून करून घेतलं, लाकडी चौकट आणि तिला बारीक लोखंडी जाळी. वर काच किंवा प्लायवूड चालत नाही, दमट हवा आत कोंडते. रंग-वार्निश लावू नका असं सुताराला तीनदा सांगावं लागलं.

खरा प्रश्न बिछायतीचा होता. सुताराचा भुसा फुकट मिळतो, पण त्यात धूळ फार, आणि देवदार-चीडसारख्या वासाच्या लाकडाचा भुसा छोट्या जनावराच्या छातीला बाधतो. कापसासारखी मऊ ‘बेडिंग’ दुकानात मिळते, तिचे धागे पायाला गुंडाळतात, पोटात गेले तर आतडं बंद होतं. ती तर अजिबात नको. कागद चांगला. पण घरातले उर्दू पेपर फाडून घालावेत तर त्यांत कुठे आयत, कुठे अल्लाहचं नाव. ते लघवीत कसं घालणार? उपाय सापडला बुक बाइंडिंगवाल्याकडे. वह्यांच्या कडा कापून निघालेल्या कोऱ्या कागदी पट्ट्या तो पोतं भरून देतो. त्या कुस्करून, मधेमधे वाळलेल्या गवताचा थर देऊन, हाताने दाबून भरायच्या. नुसता कागद ढासळतो, गवताने बोगदा टिकतो. टाकीच्या अर्ध्याहून जास्त भागात आम्ही फूटभर भरलं, उरलेल्या भागात चार बोटं.

उथळ बाजूला चाक. सीरियन हॅमस्टरला साधारण 28 सेंटिमीटर व्यासाचं लागतं. चाकात धावताना पाठ सरळ राहिली पाहिजे, धनुष्यासारखी वाकली तर चाक लहान. आणि धावायची पट्टी सलग हवी, गज असले तर पाय मोडतो. हे चाक ऑनलाइन मागवलं. सगळ्या संसारात महाग तेच पडलं, टाकीच्या खालोखाल.

बाकी घरचंच. तोंड फुटलेलं एक मातीचं मडकं, कड घासून, आडवं अर्धं पुरलं. ती झोपायची खोली. एका काचेच्या पसरट भांड्यात नदीची वाळू, चाळून, धुऊन, उन्हात कडक वाळवलेली. त्यात तो लोळून अंग साफ करतो. दुकानात डब्यातून मिळणारी पीठासारखी पूड मात्र घेऊ नका, ती छातीत जाते. लघवीसाठी बदामने स्वतःच वाळूचा कोपरा निवडला. तेवढी वाळू रोज काढली की घराला वास येत नाही. अम्मींची ती मोठी शंका होती, कारण त्याच खोलीत आम्ही नमाज पढतो. सगळी बिछायत एकदम बदलायची नाही. त्याचा स्वतःचा वास गेला की तो घाबरतो. थोडी थोडी बदलायची, जुनी थोडी ठेवायची.

पहिल्या रात्री बदाम टाकीत सोडला आणि तो नाहीसा झाला. मुलगी रडायला आली. दुसऱ्या दिवशी काचेच्या कडेला बोगदा दिसला, मग त्याच्या टोकाला खोली, तिच्यात गवत आणि बाजूला ज्वारी-बाजरीचं कोठार. पंधरवड्यात आम्हाला कळलं की तार चावायचा आवाज आठवणीतूनही गेला आहे. टाकीला तार नाही म्हणून चावत नाही, असंही कुणी म्हणेल. पण झाकणाच्या जाळीपर्यंत त्याचा हात पोचतो, तिकडे तो फिरकत नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. परदेशी पुस्तकांत थंडीची काळजी असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो आणि या जनावराला 30 च्या पुढे त्रास सुरू होतो. मातीचं मडकं इथे कामाला येतं. शिवाय आम्ही फरशीचा एक तुकडा सावलीत गार करून टाकीत ठेवतो, आणि दुपारी गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून काचेला बाहेरून टेकवतो. कूलरचा झोत अंगावर येऊ देत नाही. गच्ची, खिडकी, सकाळचं ऊन येणारी जागा, काचेच्या टाकीला यांतलं काहीच चालत नाही. काच भट्टीसारखी तापते. ज्यांचं घर पत्र्याचं आहे आणि दुपारी बंद असतं, त्यांना मी हॅमस्टर आणू नका असंच सांगते. वाईट वाटतं त्यांना. पण नंतर पोराला मेलेलं जनावर दाखवण्यापेक्षा ते बरं.

तसंच लहान मुलाच्या हातात खेळणं म्हणून द्यायचं असेल तरी नको. तो दिवसभर झोपतो. मुलं शाळेतून येतात तेव्हा त्याची मध्यरात्र असते. उठवला की चावतो, आणि त्यात त्याचा कसूर नाही. एका आईला हे सांगितल्यावर तिने पोराला मत्स्यालयवाल्याकडून मासे आणले. मासे मजेत आहेत म्हणे.

बदाम आता दोन वर्षांचा झाला. या जनावराचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं. चाकावर हल्ली थोडा वेळच असतो. मुलीने मडक्यापाशी चढ कमी केला आहे, दाणे आता विखरून न टाकता बिळाच्या तोंडाशी ठेवते. गेल्या रमजानमध्ये सहरीला आम्ही सगळे उठायचो तेव्हा तोही बाहेर आलेला असायचा. त्याची ती जेवायची वेळ आणि आमचीही. अम्मी खजूर खाता खाता काचेकडे बघायच्या. रमजान संपला, तरी त्यांची तहज्जुदला उठायची सवय आहेच. वजूला जाताना त्या टाकीपाशी थांबतात, वाकून बघतात आणि आत येऊन मला हलक्या आवाजात सांगतात, ‘‘आहे. काकडी खातोय.’’